साडेअकराची फेरी

तोलेदोच्या नगरपालिकेत हयातीच्या दाखल्याची रांग होती. निएव्हेस मोबाइल बघत असल्याचं सोंग करत, पुढच्या ओब्दुलियाबाई आणि त्यांच्या गल्लीतले क्रेसेन्सियो यांच्याकडे कान देऊन होती.

“तुमचा दाखला जानेवारीतच झाला ना हो, बाई?”

“तो पेन्शनसाठी. हा त्या गाइडच्या तोंडावर मारायला! रोज पर्यटकांची फेरी आणतो. आधी जुनी वेस, मग कॅथेड्रल, मग माझी खिडकी. म्हणे, या घरात पाचशे वर्षं कोणी राहत नाही.”

“आणि तुम्ही?”

“वरच की! काल ओरडले, अरे मेल्या, मी जिवंत आहे!”

“मग?”

“म्हणाला, ‘हेच ते भूत. आपण मेलोय हे बिचारीला अजून कळलेलं नाही.’ वर टाळ्या!”

“खिडकी लावून घ्या ना मग.”

“का म्हणून? एक जपानी पोरगी तर माझ्यासाठी रडली हो. माझ्या सुनेनं कधी टिपूस गाळलंय?”

“बरं, आता तुमचाच नंबर.”

“वाजले किती?”

“सव्वाअकरा.”

“अगंबाई!” ओब्दुलियाबाई गर्रकन निएव्हेसकडे वळल्या. “पोरी, माझा नंबर तू घे. साडेअकराची फेरी येईल. मी खिडकीत दिसले नाही, तर लोकांना वाटायचं, म्हातारी गेली!”