काळूची शर्यत आणि माईची टोपली

किस्सा छोटासाच आहे, पण मला तो नीट सांगता येईल की नाही कोण जाणे. साठ सालच्या आसपास देवगडला आमच्याकडे काळू नावाचा कुत्रा होता. रापणीतल्या, म्हणजे किनाऱ्यावर ओढलेल्या मोठ्या जाळ्यातल्या, माशांचा वाटा घेऊन माई, माझी आई, टोपली वाळूत ठेवायची आणि बायकांशी बोलत बसायची. ती परत येईपर्यंत काळू टोपलीजवळून हलत नसे.

खारेपाटणचे थोरले काका जत्रांतल्या शर्यतींत कुत्रे पळवायचे. ते वडिलांना म्हणाले, "उद्या वाळूत तुझो काळू पळवया. पयलो इलो तर मी तेका घेवन जातलंय."

काळू न्यायचा नाही, असं मोठ्या भावाला म्हणणं वडिलांना जमेना. थोरल्या दिरासमोर माईनं तोंड उघडायची तर रीतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी चार कुत्रे सुटले. काळू सगळ्यांच्या पुढे.

"बघ रे, बघ! वारो, नुसतो वारो!" काका नाचायचेच बाकी होते.

आणि अर्ध्या वाटेत काळू थांबला, चक्क बसला. शेजारी माईची टोपली होती, वर ओलं फडकं. बाकीचे कुत्रे पुढे निघून गेले.

"हयसर टोपली कोणी ठेवली?" काका ओरडले. माई लांब, डोक्यावर पदर घेऊन समुद्राकडे बघत उभी.

वडील टोपलीपाशी गेले, त्यांच्या मागून मीही. त्यांनी फडकं उचललं. टोपली रिकामी होती.

त्यांनी फडकं पुन्हा नीट झाकलं आणि वळून म्हणाले, "बांगडे आसत, दादा. एकदम ताजे. आता हो काळू काय उठाचो नाय."