प्रश्न पाठ, उत्तर गुल

...आणि वर ती फोनमधली बंगाली शिकवणारी बाई मला शाब्बास म्हणते हो! शाब्बास! कशाबद्दल? तर मी ‘गॉरोम जॉल आछे?’ बरोब्बर म्हटलं म्हणून. गरम पाणी आहे का. अहो, मी पोरीच्या सासरी चाललोय, गरम पाणी मला न मागता मिळणार आहे, मला जे विचारायचंय ते शिकव ना बाई! तर नाही. स्टेशन कुठल्या बाजूला, ह्याची किंमत काय, गाडी जरा हळू चालवाल का... प्रवासापुरतं बंगाली म्हणे! नुसते प्रश्न! आता तुम्हीच सांगा, मी विचारलं स्टेशन कुठंय, तर समोरचा माणूस काय मराठीत सांगणार आहे? प्रश्न शिकवलात हो, उत्तराचं काय?

नाही, तुम्हाला सांगतो, ही हौस माझी नव्हे. आमची पोरगी लग्न करून बंगाली घरात गेली. जावई गुणी आहे, बोलायला जागा नाही. पण फोन केला की पोरगी म्हणते, सगळं छान आहे बाबा. कधीही करा, सगळं छान. आता मी अख्खी नोकरी पाणीखात्याच्या तक्रार खिडकीत काढलीय. जो माणूस खिडकीशी येऊन ‘तसं सगळं छान आहे साहेब’ अशी सुरुवात करतो ना, त्याच्या नळाला आठवडाभर थेंब नसतो! हे आमच्या हिलाही ठाऊक. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, प्रवास बंद. रोज रात्री पोरीच्या काळजीनं कूस बदलते आणि मला जागं करते. शेवटी म्हणाली, “तुम्ही जा, आणि थेट विहीणबाईंनाच विचारा, पोर सुखात आहे का. पोरीला मध्ये घेऊ नका. ती आपल्याला हवं तेच सांगेल.”

तुम्ही म्हणाल, हिंदीत विचारा की! अहो, लग्नात बोललो ना आम्ही हिंदीत. माझं हिंदी असलं आणि विहीणबाईंचं त्याहून धन्य. दोघं हवापाण्याबद्दल बोलत होतो तर मंडपातली चार माणसं भांडण सोडवायला धावली.

म्हणून बंगाली. आता फोनमधल्या बाईकडे ‘पोरगी सुखात आहे का’ असलं वाक्य कुठलं असायला? तिच्याकडे सगळं सामानाचं! माझी बॅग कुठंय, माझी बॅग इथे आहे का. मग मीच डोकं लढवलं, बॅग काढली, पोरगी बसवली, इकडचा तुकडा तिकडे जोडला... ‘आमार मेये एखाने भालो आछे तो?’ माझी मुलगी इथे बरी आहे ना? झालं! दाढी करताना म्हटलं, भाजी निवडताना म्हटलं, बँकेच्या रांगेत पुटपुटलो तर पुढचा माणूस मला नंबर देऊन बाजूला झाला. उच्चार असा घोटला, असा घोटला की फोनमधली बाई सुद्धा गप्प बसली असती.

आणि एक शेवटचा धडा होता. ‘मला बंगाली समजत नाही’ हे बंगालीत कसं सांगायचं. तो मी गाळला! म्हटलं, एवढी मरमर करून शिकतोय ते काय येत नाही हे सांगायला? विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात ती हीच.

गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी संधी आली. जावई कामावर, पोरगी गच्चीवर कपडे वाळत घालतेय, विहीणबाई स्वयंपाकघरात मटार सोलतायत. मी खुर्ची ओढली, घसा साफ केला आणि विचारलं. एका दमात! अस्सल!

विहीणबाईंचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं. ताट बाजूला सारलं, पदराला हात पुसले, दाराकडे एकदा बघून घेतलं... आणि सुटल्या की हो! धरण फुटल्यासारख्या! त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, ह्या माणसाला आपली भाषा येते! कधीपासून साठवलेलं असेल कोणास ठाऊक. आणि मला काय कळतंय? कप्पाळ! प्रश्न शिकवलात हो, उत्तराचं काय?

पण चाल ओळखली मी. तक्रारीची चाल कुठल्याही भाषेत लपत नाही. आधी हळू, मग आणखी हळू, मग बोटांवर मोजायचं, एक झालं, दोन झालं, मग कपाळाला हात! ही तक्रारच. पण कोणाची? मध्येच माझ्या पोरीचं नाव येतंय, लगेच त्यांच्या मुलाचं येतंय, परत पोरीचं... कोण कोणाला छळतंय? पोरगी सासूला? नवरा पोरीला? मध्येच डोळे पुसतात, मध्येच खुदकन हसतात, माझा जीव टांगणीला! आणि मी मेला काय करतोय? मान डोलावतोय! खिडकीतली सवय हो! समोर कोणी गाऱ्हाणं मांडलं की मान आपोआप हलते. हो हो, बरोबर आहे, बरोबर आहे. मी मान हलवली की त्यांना आणखी जोर!

तेवढ्यात पोरगी रिकामी बादली घेऊन दारात. विहीणबाई गप्प. नळ बंद करावा तशा गप्प!

मी म्हटलं, काय म्हणत होत्या गं त्या?

पोरीनं सासूकडे बघितलं. सासूनं पोरीकडे बघितलं. पोरीनं त्यांच्या भाषेत हळूच काहीतरी विचारलं, त्यांनी दोन शब्दांत काहीतरी सांगितलं, आणि पोरगी मला म्हणाली, “काही नाही बाबा. जेवायला काय करू विचारतायत.”

अगं, एवढा वेळ? डोळे पुसून? कपाळाला हात लावून? तर म्हणते, “त्यांची भाषा जरा लांबते.” आणि दोघी एकदम मटार सोलायला बसल्या, एकाच ताटात, खाली मान घालून.

संताप झाला हो माझा. माझी पोर! हिला बोलायला मी शिकवलं, आणि ही माझ्याच समोर माझ्यापासून लपवते, ते पण सासूला सामील होऊन! सुखात आहे की नाही ते देव जाणे, पण आता त्या घरातलं त्या घरातच ठेवायला शिकली. मला वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं. त्याचा जास्त राग आला.

संध्याकाळी हिचा फोन. पलंगावर बसून वाट बघत असणार, गुडघ्यावर हात ठेवून.

“विचारलंत?”

“विचारलं.”

“नीट बोलल्या?”

“खूप बोलल्या.”

“मग? काय म्हणाल्या?”

आता काय सांगू, तुम्हीच सांगा! पोरगी समोरच उभी, माझ्याकडे टक लावून. शेवटी म्हटलं, “हॅलो... हॅलो... अगं, आवाज येत नाही तुझा...” आणि ठेवला फोन.