कॅप्टनची शेपटी माझी

आधीच माफी मागतो, शुद्धलेखन माझं कच्चं आहे, शब्दही साधेच, नववीत शाळा सुटली, आणि हे कागदावर लिहून आणलंय कारण चार माणसांसमोर उभं राहिलं की माझा घसा बसतो... पण तुम्हीच सांगा, आईनं असं करायला पाहिजे होतं का? मुलीकडची माणसं आमचं घर बघायला आली आणि तिनं सरळ सांगून टाकलं, "टीव्हीवर ती जनावरांची कार्टून मालिका लागते ना, ती आमच्या महांतेशनं काढलीय." अख्खी मालिका! अहो, बेंगळुरातल्या एचएसआर लेआउटच्या आमच्या स्टुडिओत साठ-सत्तर माणसं खपतात तेव्हा ती होते. गोष्ट एका जुन्या गाजलेल्या कादंबरीतली, जहाज, वादळ, खजिना, फक्त माणसांच्या जागी प्राणी. कॅप्टन म्हणजे कोल्हा. त्याचं तोंड रूपश्री मॅडम करतात, पाय योगीराज करतो, आणि शेपटी माझी.

हसू नका. शेपटी म्हणजे मागं काहीतरी लटकवून दिलं असं नसतं. तुम्हाला सांगतो, कॅप्टन खलाशांवर डाफरतो, "मी कुणाला भीत नाही," तेव्हा तोंडावर काय ती ऐट, पण मागं शेपटीचं टोक स्वल्प थरथरतं आणि पोरांना बरोबर कळतं, हा आतून घाबरलाय. तोंड मॅडमचं. ते थरथरणं कुणाचं? शेपटी माझी.

तर मुलीचे वडील गुंडूराव, चिक्कपेटेत भांड्यांचं दुकान, बेंगळुरात तिसरी पिढी, आमच्या बोम्मसंद्र्याच्या खोलीत पलंगावर बसले, शेजारी त्यांची बहीण कृष्णवेणीअक्का, आणि मुलगी पवित्रा, जिच्याकडे मी बघितलंच नाही, म्हणजे एकदा बघितलं आणि मग टीपॉयकडेच बघत राहिलो. त्या एका बघण्यात मुलगी पसंत पडली हो.

गुंडूरावांनी विचारलं, "या मालिकेत तुम्ही नक्की काय?"

"शेपटी."

"म्हणजे असिस्टंट?"

"नाही. शेपटी."

अक्का भावाच्या कानात बोलल्या, पण खोलीभर ऐकू गेलं, "अण्णा, अख्खा प्राणी करणारा मुलगा नाही का मिळत?"

आई पेटलीच. "लावतेच टीव्ही. बघा डोळ्यांनी."

लावला. आणि भाग कुठला लागावा? वादळाचा. जहाज फुटतं आणि कॅप्टन पहिल्या झटक्यात पिंपात शिरतो, बाहेर नुसते कान. मी आठवडाभर खपून ती शेपटी केली होती, मग वरून ठरलं की पिंप पाहिजे, झालं, सगळा समुद्र बाकीच्यांचा आणि पिंपात कोंडलेली शेपटी माझी. गुंडूराव चष्मा पुसून पुसून बघतायत. "कुठाय?" मी म्हणालो, "आत आहे." "काय करतेय?" "हलतेय." वर आई म्हणते, "आतल्या आत फार छान हलते हो ती."

तेव्हा पवित्रा पहिल्यांदा बोलली. "अप्पा, आधीचे सगळे भाग मी बघितलेत, दादाच्या छोट्या वेणूबरोबर. कॅप्टन तोंडानं थापा मारतो, पण शेपटी खरं बोलते. वेणू तिच्याकडे बघूनच सांगतो, आता हा पळणार म्हणून." मग माझ्याकडे वळून, "ती तुमची?" मी मान हलवली. कशी हलली कुणास ठाऊक, ती हसली.

गुंडूरावांनी दाढी खाजवली. "सरी, ठीक आहे," म्हणाले, "मुलीला पटलंय तर आमचं काय. लोकांना सांगू, मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे."

तिथं मला काय झालं माहीत नाही, मोठ्या माणसाला मी कधी मध्ये तोडत नाही, पण म्हणालो, "काका, शेपटी म्हणूनच सांगा." अक्कांनी कप खाली ठेवला. गुंडूराव माझ्याकडे वळले.

"बरं, शेपटी. पण काम कायमचं आहे ना?"

मी छाती काढून म्हणालो, "प्राणी आहेत तोवर शेपट्या आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैसूरपाक घेऊन ऑफिसात गेलो. आमचे साहेब सुधींद्र सर, त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, माझी पाठ थोपटली आणि नव्या मालिकेचा नायक स्क्रीनवर उघडून दाखवला. बेडूक. मी त्याला मागून-पुढून फिरवून बघितलं आणि हळूच विचारलं, "सर, याचं लहानपण दाखवूया का?"