पूर्वेच्या ओट्यावरचा जमादार

तुमी आता योग म्हणता, आमी पाथरीच्या तालमीत त्याला नुसतं नमस्कार घालणं म्हणायचो. निजामाच्या राज्यातली गोष्ट हाय. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. उद्यापासून सूर्य दक्षिणेला निघणार, म्हणून आमच्या वस्तादांनी त्याला एकशे आठ नमस्कारांनी निरोप द्यायचं ठरवलं.

सकाळी आमी रांगेत उभे राहिलो, तर पोलिसांचा नवा जमादार हजर. "काय चाललंय? इजाजत हाय का?"

इजाजतीबिगर तालीम चालवली तर तवा टाळं लागायचं. वस्ताद म्हणाले, "साहेब, बसून बघा. गैर वाटलं तर बंद करा."

जमादार बसला तो नेमका पूर्वेच्या ओट्यावर! आमी सूर्याला हात जोडले, भुईला डोकं टेकवलं. त्याला वाटलं, हा मान आपलाच. गडी खुलला. उठून अदबीनं सलाम केला. आमी पुन्हा वाकलो, त्यानं पुन्हा सलाम केला. लय रीतीचा माणूस, एक नमस्कार रिकामा जाऊ देईना. साठाव्याला तर डाव्या हातानं उजवा हात उचलायला लागला.

शेवटी वस्तादांनी गूळपाणी देऊन विचारलं, "पसंत पडलं का?"

"बहोत खूब! रोज करा," खांदा चोळत तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, आन् मुकाट्यानं आमच्या पाठीमागं जाऊन बसला.