दहा नमो मारिया टिकलेलं मशीन

परदेशात शिकून आल्यावर मला वाटलं होतं, यंत्रांबद्दल रोझीमावशीला मीच शिकवणार. झालं भलतंच.

आमच्या अंधेरीच्या गावठाणात क्रुसाभोवती गुडघाभर गवत माजलं होतं. रविवारी तिथे प्रार्थना, आणि कोयता चालवून मावशीची कंबर गेलेली. म्हटलं, फिरत्या दोरीने गवत कापणारं ग्रास कटर घेऊ.

दुकानदार म्हणाला, "लेडीजसाठी हे एकदम हलकं." मावशीने मशीन दोन्ही हातांनी धरलं आणि तशीच उभी राहून पुटपुटायला लागली.

"मावशी, काय करतेस?"

"नमो मारियाची प्रार्थना दहा वेळा म्हणून होईपर्यंत हात थरथरले, तर ते आपल्या कामाचं नाही."

पहिलं मशीन चौथ्या नमो मारियालाच खाली आलं. बॅटरीवालं दुसरं दहाही टिकलं, तेच घेतलं.

संध्याकाळी मीच पुढे झाले. मावशी ओरडली, "अगं, बूट घाल, चष्मा लाव!"

"दोन मिनिटांचं तर काम आहे गं," म्हणत मी चपलांवरच सुरू केलं. दोरीने उडवलेला खडा सणकन नडगीवर बसला.

मावशीने आधी बॅटरी काढली, मग नडगी पाहिली. "एवढ्या लांबच्या शाळेत हे नाही शिकवलं? राहू दे. उद्या मी कोयता घेते."

सकाळी ती खरंच कोयत्याला धार लावत बसली होती. मी काकांचे गमबूट चढवले, डोळ्यांना चष्मा लावला आणि तिच्या हातातला कोयता काढून घेतला.

"मावशी, जपमाळ घे आणि लांब बस. दर दहा नमो मारियांना हाक मार, मी बॅटरी काढून हात मोकळे करीन. पण कोयता आता बंद."