शेवटचं प्रकरण

बक्षीस मिळालेल्या कादंबरीवर लेखिकेची सही घ्यायला पुस्तकाच्या दुकानात रांग लागली होती. माझ्या पुढे एक बाई, त्यांच्या पुढे पाठीला दप्तर लावलेली एक मुलगी.

"काकू, तुम्ही कुणासाठी सही घेताय?"

"सही कसली! तिला घरी न्यायला आलेय. आई आहे मी तिची."

"अय्या! मग रांगेत कशाला उभ्या राहिलात?"

"पुढे घुसले तर ओरडेल. आधीच कमी बोललेले नाही मी तिला. विद्यापीठात पहिली आली आणि नोकरी न धरता घरी बसली. म्हटलं, एवढं शिकून काय दिवे लावलेस? तर म्हणे, भावाजवळ बसते."

"भाऊ आजारी होता?"

"अंथरुणाला खिळलेला. तुझ्याच वयाचा. म्हणायचा, ताई, ही सगळी पुस्तकं एक तर बाळांची, नाही तर म्हाताऱ्यांची. मग ही रोज लिहायची आणि संध्याकाळी त्याला वाचून दाखवायची. कंटाळा आला की गुलाम घोरायचं सोंग करायचा. की हिने ते पान फाडलंच म्हणून समज!"

"म्हणूनच एवढं भारी झालंय! आणि शेवट तर... मी खूप रडले, काकू. तुम्ही?"

"मी शेवट वाचला नाही गं."

"अहो, का?"

"तो त्याने ऐकलेला नाही."

"मी सांगू का? चांगला होतो शेवट."

"नको, बाळा. सरक पुढे, रांग हलली बघ."