एकोणतीस नंबरच्या घराखालचे पाणी

जबाब

नाव: श्रीमती आल्त्ये रोडेनबुर्ग, वय ५९ वर्षे, धंदा पियानोच्या शिकवण्या, राहणार घर क्रमांक ३१, विणकर कालवा, डेल्फ्ट. सध्या मुक्काम बहिणीकडे, त्याच शहरात.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, वरील घरात मी लग्न झाल्यापासून राहते. माझे यजमान हयात नाहीत. माझ्या घराला लागून क्रमांक २९ व त्याच्या पलीकडे क्रमांक २७ आहे. ती दोन्ही घरे श्री. बाउदेवाइन हारिंगा यांच्या मालकीची. २९ आणि ३१ मध्ये एकच सामाईक भिंत आहे. आमच्या ओळीतली सगळी घरे जुनी असून चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत. खांब पाण्यात बुडालेले असतात तोवर शाबूत राहतात, उघडे पडले की कुजतात. हे गल्लीत सर्वांना माहीत आहे. हारिंगा यांचा जन्म २७ मधलाच आहे.

यंदा मार्चमध्ये २९ मध्ये यामिले ओस्पिना ही कोलंबिया देशातील बाई व तिची सहा वर्षांची मुलगी आमपारो राहायला आल्या. यामिले पाण्याच्या शुद्धीकरणाचे काम करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होती. घर मिळेपर्यंत त्या दोघी हॉटेलात आणि नंतर एका मैत्रिणीच्या पोटमाळ्यावर राहिल्या होत्या. स्वतःच्या नावावर पत्ता लागल्याशिवाय इथे कागदपत्रे होत नाहीत व मुलाला शाळाही मिळत नाही.

पहिल्या आठवड्यात ती माझ्याकडे मक्याच्या जाड भाकऱ्या घेऊन आली. मी कॉफी केली व बिस्किटाचा डबा पुढे केला. तिने एक घेतल्यावर मी झाकण लावले. त्यावर ती म्हणाली, "दोन्या आल्त्ये, आमच्याकडे डबा संपल्याशिवाय पाहुण्याला उठू देत नाहीत. तुमच्याकडे झाकण लागलं की निघायचं, हो ना?" दोन्या असे त्यांच्याकडे बाईंना मानाने म्हणतात. मी डबा परत उघडला. त्या दिवसापासून आमचे येणेजाणे होते. मुलगी माझ्याकडे पियानो शिकू लागली.

जूनमध्ये हारिंगा यांनी २७ च्या जमिनीखाली तळघर खणण्यास सुरुवात केली. खड्ड्यात पाणी साचे, म्हणून पंप बसवला. त्याची नळी फुटपाथवरून कालव्यात सोडली होती. पंप सकाळी सुरू होई तो संध्याकाळी बंद होई.

जुलैपासून माझ्या पियानोचे सूर उतरू लागले. लावून घेतला तरी पुन्हा उतरे. पियानो सामाईक भिंतीला टेकून आहे. त्याच सुमारास यामिलेने सांगितले की, तिचे स्वयंपाकघराचे दार घासते आणि मुलीचा चेंडू ठेवला की आपोआप २७ च्या बाजूला जातो. मुलीला त्याची मजा वाटे. मी जाऊन पाहिले. जिन्याजवळ भिंतीला चीर होती, तिच्यात माझे करंगळीचे टोक गेले.

मी यामिलेला म्हणाले, "इथून निघ. सामान मागाहून हलवू."

ती म्हणाली, "निघून जाऊ कुठं? पत्ता गेला तर शाळा गेली, शाळा गेली तर माझी नोकरी काय कामाची? तुमच्याकडं उडी मारून येऊ?"

मी म्हणाले, "ये की."

ती म्हणाली, "तुमचं घरही त्याच भिंतीवर आहे, दोन्या." आणि हसली.

तिने हारिंगा यांना बोलावले. मीही हजर होते. त्यांनी चिरेवर हात फिरवला व म्हणाले, "यामिलेबाई, तुम्ही डोंगराळ भागातल्या. आमच्या गावात सरळ काही नसतंच. जुन्या चर्चचा मनोरा बघा, कित्येक पिढ्या कललेला आहे, लोक खाली बसून प्रार्थना करतात. तुम्हाला जुनं घरच हवं होतं ना?"

पंपाने आमच्या खांबांभोवतीचे पाणी उतरून जमीन खचते आहे, म्हणून तो थांबवण्यास मी त्यांना सांगितले. त्यावर ते यामिलेकडे बघून म्हणाले, "आमच्या शेजारीणबाई दिवसभर पोरांचे चुकीचे सूर ऐकतात. त्यांना सगळंच बिघडल्यासारखं वाटतं. पण तुम्हाला भीती वाटत असेल तर खुशाल सोडा घर. या घरासाठी रांग लागलीय." दुसऱ्या दिवशी त्यांच्या माणसाने येऊन चीर लिंपली, रंग दिला आणि दार तासून दिले. ऑगस्टमध्ये तीच चीर पुन्हा दिसू लागली. पुन्हा रंग दिला. यामिले इतर घरे बघत होती. एका ठिकाणी मूल नको म्हणाले. एका ठिकाणी तिचे आडनाव ऐकून घर गेल्याचे सांगितले.

दिनांक १६ सप्टेंबर रोजी दुपारी माझी शिकवणी नुकतीच संपली होती व २७ चा पंप चालू होता. यामिले मुलीला शाळेतून घेऊन आल्याचे मी खिडकीतून पाहिले. मुलगी पायरीवरून मला हात करून गेली. थोड्या वेळाने भिंतीतून जाड कापड फाडल्यासारखा आवाज आला. मी बाहेर धावले. २९ च्या दर्शनी भागाच्या विटांमध्ये फट पडली होती व ती माझ्यादेखत रुंदावत होती. मी दार ठोठावले. आतून यामिले दार ओढत होती, चौकट आवळल्यामुळे ते उघडत नव्हते. मी ओरडले, "वर जा! खिडकीत ये!"

समोरचे सायकल दुरुस्तीवाले श्री. टाइस बोन्स धावत आले. यामिलेने पहिल्या मजल्याची खिडकी उघडली. मुलीला दोन्ही मनगटांना धरून तिने बाहेर सोडले आणि शक्य तेवढी ती स्वतः खाली वाकली. मुलगी रडत नव्हती. यामिलेने हात सोडले. मी व बोन्स यांनी मुलीला झेलले.

यामिलेने वरून विचारले, "धरलंत?"

मी म्हणाले, "धरलं."

तिने एक पाय खिडकीबाहेर टाकला. तेवढ्यात समोरचा भाग खाली आला व घर पडले. धुळीमुळे मला पुढचे दिसले नाही. मुलगी माझ्याजवळ होती. तिचे तोंड मी माझ्या अंगाशी धरून ठेवले होते.

धूळ खाली बसताना पंपाचा आवाज येत नसल्याचे माझ्या लक्षात आले. श्री. हारिंगा कालव्याच्या कडेला उभे होते आणि पाण्यातून नळी ओढून घेत होते. मी ओरडले, "अहो, ती आत आहे!" त्यांनी माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "मुलीला दूर न्या, आल्त्ये. तिनं हे बघायला नको." आणि ते नळी गुंडाळत राहिले. अग्निशमन दलाची गाडी त्यानंतर आली. तोवर फुटपाथवर नळी नव्हती व २७ चे दार बंद होते. श्री. बोन्स त्या वेळी हातांनी विटा उपसत होते, त्यामुळे त्यांनी हे पाहिले किंवा कसे, मी सांगू शकत नाही. मी पाहिले.

यामिले ओस्पिना हिला संध्याकाळी बाहेर काढण्यात आले. ओळख मी पटवली.

माझ्या घराच्या भिंतीला टेकू लावले असून तिथे राहण्यास मनाई आहे. अधिकाऱ्यांच्या परवानगीने मुलगी माझ्यासोबत माझ्या बहिणीकडे आहे. तिची आजी कोलंबियाहून येणार आहे. मुलगी जेवते. खिडकी उघडू देत नाही.

काल दुपारी श्री. हारिंगा पांढरी फुले घेऊन बहिणीच्या दारात आले. हा पत्ता मी त्यांना दिलेला नव्हता. ते म्हणाले, "फार वाईट झालं. जुन्या घरांचा भरवसा नाही. मी पंप कधीच काढून टाकला होता, ऑगस्टमध्येच. तुम्हाला आठवत असेल."

मी म्हणाले, "मला तसं आठवत नाही."

ते म्हणाले, "इतका मोठा धक्का बसलाय, गोंधळ होणारच. तुमची भिंत माझ्या जागेतून बांधून घ्यावी लागेल ना? शेजाऱ्यांनी एकमेकांना धरून राहावं." मी दार लावू लागले. तेव्हा त्यांनी विचारले, "आमपारोची शाळा तीच आहे ना अजून? पुलाजवळची?"

मी दार लावून घेतले. फुले बहिणीने बाहेरच ठेवली. आज सकाळी मुलीला शाळेत पाठवलेले नाही. म्हणून मी हा जबाब देण्यास आले आहे.

जबाब लिहून झाल्यावर मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "घर पडले" असे होते, तिथे मी "पाडले" असे करायला सांगितले. लिहून घेणारे अधिकारी म्हणाले, "बाई, तो काना न्यायालय देईल. तुम्ही जे पाहिलंत तेवढंच मी लिहू शकतो." म्हणून तो शब्द तसाच ठेवला आहे. बाकी सगळे मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे व मी खाली सही केली आहे.